ज्या कामात वाट पाहायची, ते आधी

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बदलापूरहून अंधेरीला कॉलेजला येतो. सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजून पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा, हा आमचा चौघांचा प्रोजेक्ट. सबमिशनला सहा आठवडे उरलेत. रोज रात्री एकपर्यंत जागतो, सोबत जोडलेलं टाइमटेबलही केलंय, तरी सगळं अर्धवटच आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स लावू का?

उत्तर: कोर्स आत्ता नको. त्यातल्या नावाजलेल्या पीएमपी प्रमाणपत्रासाठी पदवीधरांकडूनही प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव मागतात. ते नोकरी लागल्यावर बघू.

तुझं टाइमटेबल नीट वाचलं. ॲपचं लॉगिन पान झालंय, पीपीटी झालीय, ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाचं, मुखपृष्ठसुद्धा तयार आहे (ते इतक्या लवकर कुणीच करत नाही!). पीसीबीची, म्हणजे सर्किटच्या छापील बोर्डाची, ऑर्डर मात्र अजून गेलेली नाही, आणि टाकीवर चाचणी घ्यायला सेक्रेटरींची परवानगी ‘पुढच्या आठवड्यात’ आहे. म्हणजे तू आळशी अजिबात नाहीस. खोलीत बसून एकट्याला जमतात ती कामं तू उरकलीस. दुसऱ्याच्या होकारावर किंवा डिलिव्हरीवर अडणारी मागे राहिली.

आता शेवटाकडून मागे ये. बाइंडिंगच्या आधी गाइडची सही, सहीच्या आधी निकालांचं प्रकरण, त्यासाठी टाकीवरची रीडिंग्ज, त्यासाठी चालणारा बोर्ड. ही सगळ्यात लांब साखळी तुझी तारीख ठरवते. ॲप दोन रात्रींत संपवलंस तरी त्या तारखेत एका दिवसाचाही फरक पडत नाही. या साखळीलाच क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत कारखान्यांच्या बांधकामाचं आणि दुरुस्तीचं वेळापत्रक आखताना ही पद्धत बसवली गेली. तुला त्यासाठी सॉफ्टवेअर नको, वहीचं एक पान पुरे.

तेव्हा ऑर्डर आजच टाक आणि सेक्रेटरींना उद्या लेखी अर्ज दे. बोर्ड येईपर्यंत ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता सर्किट जोडायच्या पट्टीवर) कोड तपासत राहा. सेन्सर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घ्यायचे असतील तर एक जास्तीचा घे, आणि शनिवारीच जाऊन ये. रविवारी बरीचशी दुकानं बंद, वर मेगाब्लॉक.

रीडिंग्जसाठी तू चार दिवस ठेवलेत. मी दहा धरीन. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. तुमच्या बाबतीत कारणही समोरच आहे: बंद टाकीत वाफ धरते, ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरवर थेंब साचतात आणि आकडे उड्या मारू लागतात. घरी बादलीवर चाचणी घेताना हे दिसत नाही.

गाइडना पूर्ण ब्लॅक बुक एकदम नेऊन देऊ नकोस. प्रकरण झालं की दे. सबमिशनच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर सगळ्याच ग्रुपचे गठ्ठे असतात. चौघांत कामं वाटताना प्रत्येकाच्या हातात एका वेळी एकच काम असू दे, आणि साखळीतलं काम अडलं तर बाकीच्यांनी आपलं बाजूला ठेवून तिकडे वळायचं. लोकलच्या प्रवासात लिखाण धरू नकोस. बदलापूर लोकलमध्ये सकाळी उभं राहायला जागा मिळाली तरी खूप. तेवढा वेळ फार तर वाचनाचा, आणि रात्रीची झोप बाराच्या आत.

महिना उलटूनही ॲप झालं नसेल तर नोटिफिकेशन सोडून दे, पातळी दाखवणारं एक पान पुरे. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक पंप बंद होताना पाहतील. मुलाखतीत ‘काय गाळलं आणि का?’ असं कुणी विचारलंच, तर सांगायला तुझ्याकडे खरं उत्तर असेल.