नर्सच्या नोकरीतलं पहिलं वर्ष एवढं जड का जातं? बहिणीला काय सांगू?

तुम्ही विचारलंय, बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली, पुढच्या महिन्यात एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात रुजू होतेय, पहिल्या वर्षी काय त्रास होतो, मनाची तयारी कशी करावी, आणि आधी अनुभव घ्यावा की सरळ सरकारी भरतीचा अभ्यास करावा. या प्रश्नाला लोक नेहमी एकच उत्तर देतात: सेवाभाव ठेवा, सगळं जमतं. म्हणून राहवलं नाही.

सेवाभावानं काही होत नाही. सेवाभाव ओसंडून वाहणाऱ्या मुली सहा महिन्यांत रडत घरी गेलेल्या मी पाहिल्यात. आणि तोंडानं फटकळ, पेशंटशी कामापुरतंच बोलणाऱ्या, पण औषध दिल्याशिवाय चार्टवर सही न करणाऱ्या मुलींच्या हाती मी माझ्या आईला निर्धास्त सोपवीन.

रक्त, वास, मरण यांची भीती घरच्यांना जास्त असते. पोरीला ते शिकतानाच, वॉर्डातल्या क्लिनिकलमध्ये अंगवळणी पडलेलं असतं. नस सापडत नाही, हात थरथरतो, हेही काही महिन्यांचंच. मयताला स्वच्छ करून गुंडाळताना पहिल्यांदा पोटात कालवतं, पण शेजारी वॉर्डातल्या मदतनीस मावशी असतात आणि त्या बरोबर निभावून नेतात. (मावशींशी नीट वाग म्हणावं. वॉर्डात कुठली वस्तू कुठे आहे आणि कुठल्या नातेवाइकाच्या नादी लागायचं नाही, हे मेट्रनपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.) खरं जड वेगळंच असतं. विद्यार्थिनी असताना सही दुसऱ्या कुणाची असते. नोकरीत रजिस्ट्रेशन नंबर तुमचा आणि सहीही तुमचीच, पण तोंड उघडायचा अधिकार मात्र कुणी देत नाही.

माझंच सांगते. मिरजेकडचं हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. मिरजेला निम्मे पेशंट अथणी, विजापूरकडून येतात, त्यामुळे मी नोकरीत पहिल्यांदा काही शिकले असेन तर कानडी. नोवु म्हणजे दुखणं, नीरू म्हणजे पाणी, एवढ्यावर कितीतरी रात्री काढल्या. तेव्हा मेडिसिन वॉर्डला नाइटला आम्ही दोघीच असायचो, एक सीनियर सिस्टर आणि मी, आणि पेशंट तिसाच्या वर. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम म्हणतो, साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स, शिकाऊ रुग्णालयात तिघांमागे एक. परीक्षेत आम्ही हे पाठ करून लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते.

तर अथणीकडचे एक आजोबा, जुलाब-उलट्यांनी पार गळालेले. रात्री रिपोर्ट आला, पोटॅशियम २.६, म्हणजे फारच कमी. आरएमओ, म्हणजे रात्री ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांनी मोठ्या सरांना, कन्सल्टंटना, फोन लावला, दोन शब्द बोलले, आणि मला म्हणाले, ‘‘सिस्टर, केसीएलचे दोन अँपूल द्या.’’ आणि निघाले झोपायला.

आता यात न कळण्यासारखं काय आहे, असं बाहेरच्याला वाटेल. केसीएलचा, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचा, १० मिलीचा एक अँपूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (हे त्याचं माप), दोन म्हणजे ४०. ते थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं. ते कुणी करणार नव्हतंच. पण किती सलाईनमध्ये? किती तासांत? केसपेपरवर एक अक्षर नाही. सीनियर सिस्टर म्हणाली, ‘‘चालू बाटलीत टाक की, कशाला नवीन फोडतेस?’’ चालू बाटलीत तळाशी थोडंसं उरलेलं. टांगलेल्या बाटलीत खालून सुईनं केसीएल सोडलं की ते तोटीपाशीच साचतं, आणि बाटली काढून नीट हलवली नाही तर तेच घट्ट पाणी आधी शिरेत उतरतं. वर मी इनटेक-आउटपुटचा चार्ट पाहिला, तर संध्याकाळपासून आजोबांच्या युरोबॅगेत, लघवीच्या पिशवीत, जेमतेम दीडशे मिली. लघवी होत नसलेल्या माणसाला पोटॅशियम देताना चार वेळा विचार करायचा असतो, कारण ते बाहेर पडायचा मुख्य रस्ता तोच.

मी आरएमओंच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, सर, ऑर्डर लिहून द्या, किती एनएसमध्ये (साध्या सलाईनमध्ये), किती रेटनं, आणि आउटपुट कमी आहे ते एकदा बघा. ते म्हणाले, ‘‘एवढंही माहीत नाही का? कुठल्या कॉलेजची?’’ मी म्हटलं माहीत आहे, पण लिहिल्याशिवाय देणार नाही. दार लागलं. सीनियर सिस्टर म्हणाली, तू आज मरशील आणि मलाही मारशील.

मग मी सरांना फोन केला. नवी स्टाफ नर्स, प्रोबेशनवर, मध्यरात्री कन्सल्टंटच्या घरी फोन. सर चिडलेच, पण पहिला प्रश्न त्यांनी कुठला विचारला? ‘‘युरिन किती आहे?’’ मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, सध्या एकच अँपूल, ५०० मिली एनएसमध्ये, चार तासांत, सकाळी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम परत पाठवा, आणि त्याला म्हणावं उठून लिहून ठेव. आरएमओंनी उठून लिहिलं. अक्षर वाचता येत नव्हतं, ते मी परत लिहून घेतलं. आजोबा चांगले होऊन आठवड्यानं गावी गेले.

तुम्हाला वाटेल, शाबासकी मिळाली असेल. मेमो मिळाला. ‘वरिष्ठांना डावलून परस्पर संपर्क साधल्याबद्दल’. वॉर्डच्या इनचार्ज मॅडमनी सकाळच्या ओव्हरच्या (पाळी सोपवायच्या) वेळी, दोन्ही पाळ्यांच्या मुली उभ्या असताना, मला सुनावलं की पेशंटला पोटॅशियम उशिरा गेलं ते तुझ्या शहाणपणामुळे. मी लेखी खुलासा दिला, त्यावर म्हणाल्या, ‘‘आम्ही पण असंच शिकलो. ॲडजस्ट करायला शिक.’’ पुढे मी सोडून जाताना अनुभवाचं सर्टिफिकेट देताना याच मेमोचा बाऊ करून मला चकरा मारायला लावल्या.

मी इथं खोटं लिहिणार नाही. दोन अँपूल गेले असते तरी आजोबांना कदाचित काहीच झालं नसतं. रोज कुठे ना कुठे जातात, आणि माणसं घरी जातात. मॅडमचा मुद्दा तोच होता, काही झालं का? नाही ना? गेल्या वर्षी जयसिंगपूरला एका लग्नात भेटल्या तेव्हाही हसून हेच म्हणाल्या, ‘‘अजून तशीच आहेस का गं?’’ पंगतीत बसून काय बोलणार. पण काही झालं नाही म्हणजे बरोबर होतं, हा हिशोब मला तेव्हाही पटला नाही, आज माझ्या हाताखाली नव्या मुली आहेत तरी पटत नाही. ‘आम्ही पण असंच शिकलो’ म्हणणाऱ्या सिस्टर्सनीच या पेशाचं निम्मं वाटोळं केलंय. डॉक्टर ओरडतात, तो एक भाग झाला. पण नव्या पोरीला एकटी पाडतात त्या तिच्याच पांढऱ्या कपड्यातल्या. बारा मेला, परिचारिका दिनी, मेणबत्ती लावून, गुलाब देऊन शपथ म्हणायला लावतात आणि तेराला तिलाच तीस पेशंट देऊन दुसऱ्या वॉर्डात ‘जरा मदतीला’ पाठवतात.

असो. बहिणीच्या कामाचं सांगते.

तोंडी ऑर्डर आली तर लगेच लिहायची, मोठ्यानं वाचून दाखवायची, वेळ टाकायची, आणि ड्यूटी संपायच्या आत डॉक्टरांची सही घ्यायची. ‘‘नंतर करतो’’ म्हणणाऱ्याच्या मागे केसपेपर घेऊन लिफ्टपर्यंत जायचं. लाज सोडायची.

इन्सुलिनकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. आपल्याकडे व्हायल (बाटली) बहुतेक ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलीत ४०, आणि पेनातलं १०० चं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या येतात, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. व्हायल एकीची आणि सिरिंज दुसरीची झाली की डोस अडीच पटीनं चुकतो. आणि ‘10U’ असं घाईत लिहिलं की ते शंभर दिसतं. युनिट हा शब्द पूर्ण लिहायला लावायचा, डॉक्टर हसले तरी.

सुई टोचली तर लपवायचं नाही. पोरी लपवतात, कारण ओरडा बसतो. साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही, लगेच कळवायचं आणि पेशंटची तपासणी करून घ्यायची. एचआयव्हीचं औषध लागलंच तर जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस झालेत का ते आत्ताच बघा. तिला विचारा, बहुतेक मुलींचा तिसरा राहिलेला असतो.

पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं. हे लिहायला विचित्र वाटतं, पण पहिल्या वर्षात कितीतरी मुलींना युरिन इन्फेक्शन याच कारणानं होतं. वॉर्ड तिच्यावाचून पाच मिनिटं चालतो.

मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलला ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची. बाँडवर सही मागितली तर घरी आणून वाचा. पगाराचं काय सांगू? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्रानं समिती नेमली. तिनं सांगितलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० च्या खाली देऊ नये, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. तुमच्या बहिणीच्या हातात काय पडणार आहे ते तुम्हाला माहीतच असेल, त्यावर मी वेगळं बोलत नाही.

नातेवाईक अंगावर आले तर एकटीनं वाद घालायचा नाही, आधी मागे सरकायचं, सिक्युरिटीला बोलवायचं. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्यात नर्सवर हात उचलणंही येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाइटला कपडे कुठे बदलायचे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मुंबईच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ साली तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या, तिथंच त्यांच्यावर हल्ला झाला. आजही कित्येक ठिकाणी चेंजिंग रूम म्हणजे स्टोअरची कडी नसलेली खोली असते. दादा, तुम्ही स्वतः एकदा जाऊन ती खोली बघून या, तिला राग आला तरी.

वर मी इतकं ‘लिहून द्या’ ‘लिहून द्या’ केलं, म्हणून एक सांगायचं राहिलं. पेशंट कोलमडला, कोड (त्याला वाचवायची धावपळ) चालू आहे, तेव्हा कागद मागत उभं राहायचं नसतं. तेव्हा तोंडी ऑर्डर मोठ्यानं उच्चारायची, औषध द्यायचं आणि मागाहून वेळेसकट लिहायचं. माझं ऐकून तिनं ॲड्रिनॅलिनला सही मागितली तर मला दोष देऊ नका. आणि सगळे आरएमओ तसे नसतात, सगळ्या इनचार्जही नसतात. मला पुढे एक इनचार्ज लाभल्या, त्या स्वतः बेडजवळ उभं राहून ओव्हर घ्यायच्या, ड्रेसिंग उघडून बघायच्या. वॉर्डातलं जे काही मला नीट येतं ते त्यांच्यामुळे.

भरतीचं विचारलंत, त्याचं उत्तर थोडक्यात. दोन्ही करा. अभ्यास आत्ताच, कारण वर्षभर नाइट केल्यावर पुस्तक उघडवत नाही. सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, त्याची बरोबरी छोटी हॉस्पिटलं करणार नाहीत. पण जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर मुली वर्षानुवर्षं आहेत, आणि बढती मिळून परिसेविका (वॉर्ड सिस्टर) होणार होणार असं मीही कधीपासून ऐकतेय. बाहेरदेशी जायचं डोक्यात असेल तर बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात, तो मोठ्या हॉस्पिटलचाच बघतात. आयसीयू मिळत असेल तर नाकारू नका, पण पहिले तीन महिने तिला एकटीला व्हेंटिलेटरचा पेशंट देणार का, हे रुजू होण्याआधी स्पष्ट विचारा. ‘बघू’ म्हणाले तर वॉर्ड मागा.

आणि मॅडम, चुकून हे वाचलंत तर एक सांगायचं होतं. त्या मेमोत मी सरांना साडेतीनला फोन केला असं लिहिलंय. फोन सव्वादोनला केला होता. नर्सेस नोटमध्ये वेळ टाकलेली आहे, तुमचीच सही आहे खाली.