नऊ मिनिटांनी जागा होणारा डीटीपीचा डेस्कटॉप: फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: तुमच्या डीटीपीच्या (म्हणजे पत्रिका-बॅनरची पानं कॉम्प्युटरवर मांडायच्या) दुकानातला, २०१३ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. बटण दाबल्यापासून माउस नीट हलायला नऊ मिनिटं लागतात. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल सेव्ह करताना मध्येच गोठतो. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. कॉम्प्युटरवाला दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवीन घ्या. भाचा म्हणतो फॉरमॅट मारू. आणि लग्नसराई तोंडावर आहे, पत्रिकांची सगळी जुनी कामं त्याच मशीनमध्ये.

आज यातलं काहीच करू नका. फॉरमॅट नको, डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली जुळवणं) नको, चेकडिस्क तर अजिबात नको. आधी डेटा बाहेर काढा.

हे मी इतकं ठासून का सांगतोय ते ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांचा कॉम्प्युटर असाच मंद झाला होता. मी सरळ चेकडिस्क लावलं आणि झोपायला गेलो. चेकडिस्कला पूर्ण तपासणी सांगितली की ते डिस्कचा कानाकोपरा वाचून काढतं, आणि मी तीच सांगितली होती. जी डिस्क आधीच शेवटच्या घटका मोजत होती, तिला मी रात्रभर राबवलं. सकाळी टकटक आवाज येत होता आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) डिस्क दिसेनाशी झाली होती. मामीचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, पण तेव्हापासून कुणाचंही मंद झालेलं मशीन हातात घेतलं की मी पहिल्यांदा कॉपी काढतो, निदान नंतर.

तेव्हा एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. पत्रिकांची फोल्डरं, ग्राहकांच्या फाइली, डेस्कटॉपवर पडलेलं सगळं, आणि फॉन्टचं फोल्डर, एवढं कॉपी करा. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी, गाणी-सिनेमे सगळ्यात शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर तिथे झुंजत बसू नका, ती वगळून पुढे जा.

कॉपी झाली की मग पाच मिनिटं फक्त बघायचं. मशीन सुरू करा, काही उघडू नका, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने बघा. माझा अंदाज असा की सीपीयू २०-३० टक्क्यांवर निवांत असेल, मेमरी ८० च्या पुढे आणि डिस्क १०० टक्के, लाल. आता परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथे दोन आकडे मिळतात: वाचण्याचा वेग आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम, म्हणजे एका मागणीला उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ. डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक एमबी, असं बऱ्याचदा दिसतं. लोक इथेच गोंधळतात. एवढंसं काम आणि १०० टक्के कसं?

हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंद. कुठलाही तुकडा वाचायचा तर आधी वाचणारं हेड त्या रेषेवर सरकवायचं, मग तो तुकडा फिरून खाली येईपर्यंत थांबायचं. दोन्ही मिळून साधारण १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला ८० च्या आसपास. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर हाती लागतात ३२० केबी. डिस्क दिवसभर राबतेय, पण तिचा वेळ वाचण्यात नाही, धावण्यात जातोय. विंडोज सुरू होताना असेच हजारो बारीक तुकडे मागते. त्यात अँटीव्हायरस, अपडेट आणि इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी बनवणं) एकाच वेळी दारात उभे राहतात. तुमची नऊ मिनिटं इथे जातात.

रिस्पॉन्स टाइम दहा-वीस मिलिसेकंद असेल तर डिस्क तब्येतीने बरी आहे, कामाच्या ओझ्याने वाकलीय. तो आकडा वारंवार हजाराच्या पुढे जात असेल तर डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय, म्हणजे आजारी आहे. हे ताडून बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निकालासाठी ताटकळलेले. आणि सी७ म्हणजे डेटा केबलमधून जाता-येताना झालेल्या चुका. पहिल्या दोन्हींत शून्य हवं. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी डिस्क बोर्डाला जोडणारी ती लाल सॅटा केबल बदला. केबल ढिली असल्याने चांगली डिस्क फेकून दिलेली मी पाहिलीय.

आता तारखेचं. ही वेगळी भानगड वाटते, पण तिचा संबंध आहे. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी एक बटण बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची. एवढ्या वर्षांत ती संपणारच. ती संपली की वीज पूर्ण गेल्यावर घड्याळ तर मागे जातंच, पण बायोसमधली तुमची सगळी सेटिंगं पुसून कारखान्यातून आली तशी होतात. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो, कारण त्याच्या हिशेबाने साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. अपडेट अडकतं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा अडकतं. या सगळ्यात डिस्क राबत राहते. तुमच्या दुकानदाराने "बोर्ड गेला" म्हटलं ते कदाचित या तारखेवरूनच. बोर्ड गेलेला असता तर नऊ मिनिटांनी का होईना, मशीन रोज सुरू झालं नसतं. मशीनची वायर काढा, जुनी बॅटरी पिनेवर नखाने ढकलून काढा, नवीन बसवताना अक्षरं असलेली बाजू वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख लावा.

तिथे असतानाच सॅटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, बघून कागदावर लिहून ठेवा: जुनी आयडीई आहे की नवी एएचसीआय. त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांवर आयडीई असायचं. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) लावायची तर एएचसीआय हवं, पण विंडोज आयडीईवर बसवलेली असताना नुसता मोड बदलला तर निळी स्क्रीन येते. घाबरून लोक तिथेच फॉरमॅट मारतात. त्याची गरज नसते. आधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनातून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये उघडली की ती लागणारा ड्रायव्हर स्वतः उचलते. मग सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण डीटीपीवाल्यांच्या मशीनवर ती हमखास सापडते. कंट्रोल पॅनेलमधलं फॉन्टचं फोल्डर उघडा आणि किती आहेत ते मोजा. पत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर, प्रत्येक कामाला ग्राहक पेनड्राइव्हवर नवीन फॉन्ट आणतो आणि तो कायमचा मुक्कामाला राहतो. एकाकडे मी तीन हजारांवर मोजले होते. लॉगिन होताना आणि पेजमेकर उघडताना ही सगळी यादी चाळली जाते. रोज लागणारे शंभर-दीडशे ठेवा, बाकीचे डी ड्राइव्हवर एका फोल्डरात हलवा, लागेल तेव्हा तेवढाच बसवा. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट मात्र काढू नका. पेनड्राइव्हवरून आणखीही काही येतं, ज्यात फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात ते व्हायरस. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन एकदा चालवा, आणि दोन अँटीव्हायरस बसवलेले असतील तर एक काढा. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात, आणि बिचारी डिस्क एकच.

सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर तो मोकळा करा, निदान १५-२० जीबी. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी मध्येच असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

रॅमचं थोडक्यात. ४ जीबी आता पुरत नाही. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवते, त्यामुळे रॅमची कमतरता टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावावर दिसते. तुमच्या बोर्डावर बहुधा दोनच स्लॉट असतील, ४ जीबीची एकच पट्टी असेल तर आणखी एक ४ ची लावा. डेस्कटॉपची डीडीआर३ मागा, १३३३ किंवा १६००. स्वस्तातल्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, म्हणून कॅबिनेट दुकानात नेऊन लावून बघूनच पैसे द्या. लावल्यावर सिस्टिमच्या पानावर ८ पैकी साडेतीनच्या आसपासच वापरता येते असं दिसलं, तर विंडोज ३२ बिटची आहे. मग रॅमचे पैसे वाया जातात, त्यामुळे हे आधीच बघून घ्या.

धूळ आणि उष्णता हे तुमच्या बाबतीत पहिलं कारण मला वाटत नाही. गरम होणारं मशीन सकाळी ठीक चालतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने रडायला लागतं. तुमचं सुरुवातीपासूनच मंद आहे. तरी कॅबिनेट उघडलंच आहे तर ब्लोअर मारा, पण प्रोसेसरचा पंखा बोटाने धरून. हवेने तो गरागरा फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. पंख्याच्या चारही पिना बोर्डात घट्ट बसल्यात का तेही दाबून बघा.

आता खर्चाचं. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर सॅटा एसएसडीत घाला, त्यानंतर रॅम. कुणी सांगेल की एच६१ वर सॅटा २ आहे, एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. खरं आहे, खोक्यावर सेकंदाला पाचशे एमबी लिहिलेलं असेल तिथे तुम्हाला अडीचशेच्या आसपास मिळेल. पण तुमचं दुखणं तो वेग नाहीच. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने ते १२-१३ मिलिसेकंदांचं धावणं संपतं. अशी मशीनं मी एका मिनिटाच्या आत कामाला लागलेली पाहिली आहेत, प्रोसेसर तोच ठेवून.

डिस्क निरोगी निघाली तर नव्याने विंडोज टाकण्यापेक्षा क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढा. तुमच्याकडे मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) आहे, त्याचे ड्रायव्हर, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरची सेटिंगं, हे सगळं पुन्हा जमवताना हंगामाचा आठवडा जाईल. त्यासाठी क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पण त्याला नवी डिस्क जुन्याहून लहान चालत नाही, आणि दुकानदार ५०० च्या जागी ४८० ची एसएसडी हातात देतो. ५१२ मागा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, दोन्ही एकसारख्या दिसल्या की विंडोजचा गोंधळ उडतो. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स हार्ड डिस्कच्या नंबराशी बांधलेलं असतं, ते विकणाऱ्याला आधी फोन करून विचारा. डिस्क आजारी निघाली तर मात्र क्लोन नको, बिघडलेल्या फाइलीही सोबत येतात. नवीन विंडोज, आणि बाहेर काढलेला डेटा परत.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. तुमचा तिसऱ्या पिढीचा. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: हे मशीन पेजमेकरसाठी अजून काही वर्षं उत्तम चालेल, पण त्यावर इंटरनेट नको. तुम्ही गावातल्या मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरता, आधार आणि बँकेचे कागद स्कॅन करता. लोक विश्वासाने देतात ते. ते काम दुसऱ्या मशीनवर करा. फक्त ब्राउझर आणि स्कॅनरच लागत असेल तर एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकूनही भागेल, त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे.

आज रात्री दुकान बंद करण्याआधी एवढंच करा: कॉपी लावा, आणि ती पूर्ण झाली की क्रिस्टलडिस्कइन्फोमधले ०५, सी५ आणि सी७ चे आकडे लिहून मला पाठवा. त्या सॉफ्टवेअरमध्ये ते बारा शून्यांसारखे लांबलचक दिसतात, त्यात मध्ये अक्षरंही येऊ शकतात, सगळं जसंच्या तसं उतरवा. मशीन उघडायचं की नाही, क्लोन की नवीन विंडोज, हे त्यावरून ठरवू.