शेतातला कंटेनर, वेल्डिंग आणि जनरेटर: तहसीलदारांच्या नोटिशीला काय उत्तर द्यावे?

प्रश्न: रस्त्यालगतच्या माझ्या शेतजमिनीत मी वीस फुटी जुना कंटेनर ठेवून त्यात फॅब्रिकेशनचे काम सुरू केले आहे. थ्री-फेज जोडणीचा अर्ज प्रलंबित असल्याने वेल्डिंग मशीन डिझेल जनरेटरवर चालते. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली असून तहसीलदारांनी विनापरवाना अकृषिक वापराची नोटीस दिली आहे. कंटेनरला पाया नाही, म्हणून ते बांधकाम नव्हे, असे कळवू का? तोवर शेतीपंपाच्या जोडणीवर काम केले तर चालेल का?

उत्तर: पाया नसल्याचा बचाव घेऊ नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 2(7) नुसार जमिनीच्या वापरातील मोठा बदल हासुद्धा ‘विकास’ ठरतो. त्यामुळे कंटेनर क्रेनने उचलता येतो की नाही यापेक्षा, जिथे पीक येत होते तिथे आता गेट आणि ग्रिल तयार होतात, हेच पाहिले जाईल. मुदतीच्या आत लेखी खुलासा द्यावा, वापर नाकारू नये, परवानगीसाठी अर्ज केल्याची पोच जोडावी आणि सुनावणीची संधी मागावी. त्याआधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला, म्हणजे जमीन विकास आराखड्यातील कोणत्या वापर-विभागात येते याचा दाखला, घ्यावा, कारण त्या विभागात असा उद्योग बसत नसेल तर नोटिशीशी झगडण्यापेक्षा कंटेनर योग्य जागी हलवणे स्वस्त पडेल.

स्वतःच्या वापरासाठी जनरेटर चालवण्यास विद्युत अधिनियम, 2003 खाली परवाना लागत नाही. विद्युत निरीक्षकांची तपासणी लागेल का, हे जनरेटर संचाच्या पाटीवरील केव्हीए (क्षमतेचा आकडा) सांगून त्यांच्या कार्यालयात विचारावे. शेजाऱ्यांची तक्रार मात्र मी गांभीर्याने घेईन. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दिवसा ती 10 डेसिबल किंवा अधिक ओलांडली गेली की नियमाप्रमाणे तक्रार करता येते. ध्वनिरोधक आवरणाचा संच घ्यावा, ज्याचा आवाज 1 मीटरवर 75 डेसिबलपेक्षा जास्त नसावा. तरीही पत्र्याच्या पेटीत घुमणारा ग्राइंडर आणि हातोडा उरतोच, म्हणून रात्रीचे काम पूर्ण बंद ठेवावे. आवाज लपवण्यासाठी जनरेटर कंटेनरच्या आत नेण्याचा विचारही करू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने बंदिस्त जागेत माणसाचा जीव जातो.

शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग करणे हा विद्युत अधिनियमाच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर आहे. त्यासाठी लागू दराच्या दुप्पट आकारणी होते आणि वापराचा कालावधी ठरवता आला नाही तर तपासणीपूर्वीचे 12 महिने धरले जातात. अप्रामाणिक हेतू दिसल्यास कलम 135 खाली वीजचोरीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. जनरेटरची वायर पंपाच्या पेटीत जोडली असेल तर ती आजच काढावी. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच) नसताना जनरेटरची वीज उलट लाइनवर जाऊन दुरुस्तीसाठी खांबावर चढलेला वायरमन दगावला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा आरोप आपल्यावर येईल आणि त्यात 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.