मास्तरांना विचारा : घेर किती ठेवायचा?

(सॅक, तंबू, रेनकोट आणि अंगावरच्या कपड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात नाशिकचे आमचे टेलरमास्तर. शिलाईमशीन आणि सह्याद्री, दोन्हींवर त्यांची तीस वर्षं गेली आहेत.)

प्रश्न : मास्तर, मी चिपळूणचा. वय 34, वजन 88 किलो. पावसाळ्यात दोन तास चाललो की मांड्या घासून लाल होतात. रात्री खोबरेल तेल लावून पाय फाकवून झोपायची वेळ येते. मागच्या वर्षी हिमाचलात एक परदेशी गृहस्थ गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घालून आरामात चालताना दिसला. आधी हसू आलं, मग हेवा वाटला. घरी विषय काढला तर बायको हसून लोळली. पुरुषांना डोंगरात असलं काही खरंच सोयीचं पडतं का? शिवायचा तर कसा?

उत्तर : पडतं. मी सात वर्षं घालतोय. पण आधी तुमच्या मांड्यांचं बघू.

पॅंटचं आसन उलटं करून बघा. पायांच्या आतल्या शिवणी आणि पुढच्या-मागच्या आसनाच्या शिवणी नेमक्या जांघेत येऊन भेटतात. चार जाड शिवणींचा तो गठ्ठा घामात भिजतो, घामाचं मीठ त्यात धरतं आणि प्रत्येक पावलाला कातडीवर कानशीसारखा फिरतो. त्यात कोकणातली दमट हवा. आत वारा लागत नाही, कापड वाळत नाही, म्हणून तिथंच नायटाही धरतो. स्कर्टमध्ये आसनच नसतं, त्यामुळे हा गठ्ठाही नाही आणि वारा खालून वर खेळतो. मात्र एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. नुसता स्कर्ट घातला तर तुमच्या वजनाला मांडीवर मांडी घासेल, म्हणजे दुखणं तेच, फक्त कापडाविना. आत मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, अंगाला घट्ट बसणारी सायकलवाल्यांची चड्डी हवी. तिच्या आसनात चौकोनी कळी, म्हणजे जांघेत जोडलेला कापडाचा वेगळा तुकडा, आहे का ते बघूनच घ्या. कळी असली की शिवण जांघेच्या बाजूला सरकते.

आता बेतायचं कसं. पहिल्यांदा माझी जी फजिती झाली, ती तुमची होऊ नये म्हणून सविस्तर सांगतो.

माझे वडील भद्रकालीत पायमशीनवर डझनाच्या हिशोबाने परकर शिवायचे. सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा पट्ट्या जोडलेला परकर मी दहावीच्या सुट्टीत शिकलो. तरी स्वतःसाठी स्कर्ट बेतताना मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. ‘पुरुषाचा आहे, घेर नको’ असं म्हणून मी तो सरळ नळीसारखा कापला. खालचा घेर 46 इंच. घरात चालून बघितलं, झकास वाटला. रविवारी हरिहर किल्ल्यावर गेलो. पायथ्याच्या निरगुडपाड्यापासून सपाटीवर काही कळलं नाही. पण कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांशी आलो, पहिल्या पायरीला गुडघा उचलला आणि तो अर्ध्यातच अडकला. 46 इंच घेर आडवा पसरला तर 23 इंच. एवढ्यात एक पाय खाली आणि दुसरा छातीशी कसा येणार? दोन्ही हात खोबणीत, मागे माणसांची रांग, स्कर्ट वर ओढायला तिसरा हात नाही. शेवटी मागच्या पोराला म्हटलं, “बाबा, जरा वर कर.” तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला. आत चड्डी होती म्हणून निभावलं. खालच्या पायरीवरच्या माणसाला वर बघितल्यावर काय दिसतं, हा विचार शिवताना कुणाच्या डोक्यात येत नाही. चढताना तो एकच विचार येतो.

म्हणून घेर 72 इंचांच्या खाली नको. सहा कळ्या घ्या. प्रत्येक कळी वर 7 इंच, खाली 12. वरचे 42 इंच नेफ्यात नाडीने आवळले जातात, त्यामुळे कंबर 36 असो की 40, एकच माप चालतं आणि ढुंगणावरून सहज चढतो. शिवणीला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जास्त सोडा. लांबी कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, साधारण उंचीच्या माणसाला 22-23 इंच. त्याहून लांब केला तर चढणीला पायात येतो. अठ्ठावन्न इंची पन्ना असेल तर दीड मीटर कापड पुरतं. कळ्या एक उलटी, एक सुलटी मांडून कापा. खिशांना आणि खालच्या पट्टीला तुकडे उरतात. कळीची तिरकी बाजू ओढली की लांबते, म्हणून मशीनखाली ती ओढू नका, आपोआप सरकू द्या.

कापड सुती घेऊ नका. भिजलं की जड होतं, वाळत नाही आणि पायाला चिकटतं. पातळ नायलॉन किंवा थोडी ताण असलेलं पॉलिस्टर घ्या. रंग गडद.

खिसे मात्र स्कर्टवाल्या बायकांसारखे नकोत, कारण त्यांना बिचाऱ्यांना खिसेच मिळत नाहीत. सॅकचा कमरपट्टा जिथं बसतो त्याच्या चार बोटं खाली खिशाचं तोंड ठेवा आणि चेन लावा. कमरपट्ट्याखाली आलेला खिसा उघडत नाही, मोबाइल हाडावर टोचतो. नाडीची गाठ पुढे बेंबीखाली यावी. बाजूला आली तर पट्ट्याखाली दाबून संध्याकाळपर्यंत तिथं वळ उठतो. लुंगी यासाठीच मी सॅकबरोबर वापरत नाही. मुक्कामाला लुंगीसारखं सुख नाही. पण पट्ट्याने खोचलेलं सगळं गोळा होतं आणि सुटलं तर भर पायवाटेवर सुटतं.

आणि दुमड. हरिहर उतरून निरगुडपाड्यात पाणी प्यायला थांबलो होतो. एका म्हातारीने जवळ येऊन माझ्या स्कर्टचा काठ बोटांत धरला, उलटा करून बघितला. मला वाटलं, आता टिंगल होणार. ती म्हणाली, “परकर बरा हाय. पन खालून पट्टी का न्हाय लावली? दगडाला फाटंल.” दुसऱ्याच ट्रेकला फाटला. तेव्हापासून मी आतून दोन इंची पट्टी लावतो. काठाला वजन आलं की वाऱ्याने उडतही नाही.

कुठं घालू नये तेही सांगतो. दोरीवर उतरायचं असेल तर नको. हार्नेसचे पट्टे मांडीभोवती आवळले की स्कर्टचा बोळा होतो आणि त्यात बकल नीट दिसत नाही. कारवीच्या दाटीत आणि करवंदीच्या जाळ्यांत पिंढऱ्या सोलून निघतात. खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतील तर तिकडे फिरकू नका. आणि डिसेंबर ते मे दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या रानात जायचं असेल तर स्कर्ट घरी ठेवा. तिथं माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो ताप गोचिडीतून येतो. पॅंट घाला, ती मोज्यात खोचा. माकड मेलेलं दिसलं तर तिथून निघा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

वहिनींच्या हसण्याचं म्हणाल, तर त्यांनाच माप घ्यायला बसवा. नेफा कुठं बसतो आणि नाडी किती आवळायची, हे तुमच्या घरात तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. तरी हसल्या तर एक खरी गोष्ट सांगा. 2013 च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमकडच्या एका लोकल मार्गावर चालकांना अर्धी चड्डी घालायला मनाई होती. पण नियमात स्कर्ट बसत होता. पुरुष चालक सरळ स्कर्ट घालून गाडी चालवायला बसले. केबिनमध्ये उकडत होतं, इतकंच कारण.

प्रश्न : मी सिएटलजवळ बॉथेलला राहतो. इथं डोंगरवाटांवर किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा चुण्यांचा स्कर्ट, घातलेले पुरुष सर्रास दिसतात. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब डोंगरवाटेचा वॉशिंग्टन राज्यातला एक टप्पा ऑगस्टमध्ये करायचा आहे. स्कॉटिश किल्ट घेऊ, की खिसेवाली आधुनिक?

उत्तर : स्कॉटिश किल्ट लग्नाला घाला. पूर्ण किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या वर लोकरी कापड लागतं. पुढे सपाट, मागे सगळ्या चुण्या. वजन दोन किलोच्या आसपास. त्या चुण्यांची घडी सांभाळत तुम्ही तंबूत झोपणार का? खिसे नाहीत, म्हणून कमरेला चामडी बटवा लोंबतो. तो चढणीला जिथं आपटतो ती जागा लिहिण्यासारखी नाही. एका गोष्टीत मात्र स्कॉटिश लोकांना मानलं. 1746 च्या ब्रिटिश कायद्याने त्यांच्या डोंगरी पोशाखावर बंदी घातली, ती 1782 साली उठली. एवढ्या वर्षांत किल्ट विसरली गेली असती तर नवल नव्हतं. तरी राहिली.

आधुनिक खिसेवाली किल्ट तर तुमच्याच गावची. युटिलीकिल्ट्स ही कंपनी 2000 साली सिएटलमध्ये सुरू झाली. पण कुणाचीही घ्या, जाड सुती कापडाची किल्ट सुतारकामाला, बागेला, बाजाराला उत्तम. तुमच्याकडच्या झिमझिम पावसात सुती कापड भिजून गार पडलं की अंगातली ऊब ओढून घेतं. लांब चालायला नायलॉनची हलकी घ्या. तिच्यात घेर चुण्यांतून येतो की कळ्यांतून, हे मला महत्त्वाचं नाही. दुकानात एक पाय खुर्चीवर ठेवून बघा. गुडघा अडला तर परत ठेवा.

बरोबर पातळ गरम पायजमा घ्या, संध्याकाळी आतून चढवायला. उघड्या पायांना डास धरतात आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीत ऊन भाजतं. क्रीम लावताना लोक ती जागा हमखास विसरतात. बर्फाचा उतार लागला तर बसून घसरू नका. मांड्या खरवडून निघतील.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर केरळला निघालाय. प्रवासात स्कर्ट घालणार म्हणतो. तिथं तो देवळात चालेल का? रेल्वेत काय? — एक आई, सातारा

उत्तर : ताई, रेल्वेत काहीच अडचण नाही, फक्त वरचा बर्थ असेल तर आत चड्डी हवी. रात्रीच्या प्रवासात त्याच्याइतकी शांत झोप कुणाला लागणार नाही. विमान असेल तर सैल कपड्यामुळे तपासणीत हात लावून बघतात, तेवढी दोन मिनिटं जास्त धरा.

देवळात मात्र नाही चालणार. तिरुवनंतपुरमचं पद्मनाभस्वामी आणि गुरुवायूर, दोन्हीकडे पुरुषांनी मुंडू, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं केरळी वस्त्र, नेसून उघड्या अंगाने जायचं असतं. शिवलेला स्कर्ट कितीही शालीन असला तरी तो मुंडू नव्हे. एक पांढरा मुंडू सॅकमध्ये टाका, घडी केली की पंचाएवढी जागा लागते. घरी दोनदा नेसायचा सराव करून घ्या, आणि चालताना तो अर्धा दुमडून कमरेला खोचायलाही शिकवा. त्याला एवढंही सांगा की दुमडलेला मुंडू वडीलधारं कुणी समोर आलं की तिथं खाली सोडतात. आपल्या पोरांना हे माहीत नसतं आणि समोरची माणसं बोलून दाखवत नाहीत.

ता. क. गेल्या अंकानंतर तिघांनी मला स्कर्टसाठी मापं पाठवली. तिघांनीही उभं राहून कमरेचं माप घेतलंय. मांडी घालून बसा, भरपेट जेवलेले असा आणि मग पोटावर टेप लावा. तेच माप पाठवा.