'स्थिर वाण' म्हणून घेतलेल्या हेम्पच्या (कमी नशेच्या भांगेच्या) एकाच पाकिटातून दहा तऱ्हेची झाडं का आली? बियाणं बनावट होतं का?

बनावट असेलच असं नाही. मी हेम्पच्या पैदासकामात आहे आणि हा अनुभव नेहमीचा आहे. बहुधा वाण पक्का व्हायच्या आधीच पाकिटावर 'स्थिर' छापलं गेलं.

गहू-भात आपल्याच फुलात परागीभवन उरकतात, त्यामुळे वाण आपसूक शुद्ध राहतो. भांगेच्या कुळात नर-मादी झाडं बहुतेक वेगळी आणि पराग वाऱ्यावर. प्रत्येक बी दोन वेगळ्या झाडांचं, आणि प्रत्येक झाडात न दिसणारं बरंच काही दडलेलं.

लोक एकसारखेपणालाच स्थैर्य समजतात, तिथे खरी फसगत होते. दोन शुद्ध वंशांचा संकर केला की पहिली पिढी, म्हणजे एफ१, अगदी एकसारखी येते. तिचं बी धरा, एफ२मध्ये सगळं विखुरतं. एक पालक टीएचसीचा (नशा आणणारं द्रव्य) आणि दुसरा सीबीडीचा (नशा न आणणारं द्रव्य) असेल, तर एफ१च्या प्रत्येक झाडात दोन्ही घटक असतात. एफ२मध्ये साधारण चारात एक टीएचसीकडे, एक सीबीडीकडे आणि दोन मधली. जिथे हेम्पला टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के आहे, तिथे या विखुरण्यापायी अख्खं पीक हातचं जाऊ शकतं.

अशाच एका एफ२च्या ओळीत सगळी झाडं अजून नुसती पानं काढत होती आणि मध्येच गुडघ्याएवढं एक झाड फुलावर आलेलं. मी लेबल दोनदा वाचलं. ओळ तीच, बी तेच. दिवसाच्या लांबीची वाट न बघता फुलण्याचा गुण अप्रभावी असतो, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. एफ१मध्ये तो कुठेच दिसला नव्हता, फक्त झाकला गेला होता.

तो काढून टाकायचा किंवा पक्का करायचा तर पिढ्या खर्ची पडतात. स्वपरागीभवनाने दर पिढीला जनुकांच्या मिश्र जोड्या निम्म्या होतात. एफ६पर्यंत सुमारे ३ टक्के उरतात. चांदीच्या क्षाराची फवारणी करून मादी झाडावर नरफुलं आणता येतात, म्हणून हे जमतं. पण झाडांचा जोम घटतो. सख्ख्या भावंडांच्या संकराने जावं, तर स्वपरागीभवनाच्या एका पिढीचं काम व्हायला साधारण तीन पिढ्या लागतात. इथेच घाई होते, आणि मला त्याचा राग येतो, कारण भुर्दंड पेरणाऱ्याला पडतो.

उंची आणि उतारा यांवरून मात्र वाणाला दोष देऊ नका, त्यात माती आणि उजेडाचाही हात असतो. फुलायची वेळ आणि टीएचसी-सीबीडीचं गुणोत्तर बघा, ते बरंचसं जनुकांवरच ठरतं.

तुमच्या दहातलं एखादं मनासारखं असेल तर त्याचे कलम करा, जनुकं तीच राहतील. कात्री मात्र दर झाडामागे निर्जंतुक करा, हॉप लेटेंट व्हायरॉइड हा विषाणूसारखा रोगकारक तिच्यातूनही पसरतो. आणि पुढचं बियाणं घेताना विचारा: ही कितवी पिढी, आणि निवड किती झाडांतून केली?