एअर पिस्तूलच्या स्पर्धेत ‘स्टॉप’नंतर सुटलेल्या एका शॉटसाठी शून्य आणि वर दम, एवढी कडक शिस्त खरंच लागते का? मुलांना रेंजवरच्या आज्ञांची सवय कशी लावावी?

प्रश्नाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंय. मुलगी चौदा वर्षांची, पहिलीच जिल्हा स्पर्धा. पेलेट म्हणजे छर्रा भरलेला, नेम धरलेला, तेवढ्यात ‘स्टॉप’ झालं आणि तिने शॉट सोडला. तो शून्य धरला, वर सगळ्यांदेखत बोलणी बसली. इथपर्यंत मी वाचून पुढे गेलो असतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘हवेचंच तर पिस्तूल आहे’. त्या वाक्यासाठी लिहायला बसलो.

शून्य बरोबर आहे, त्यात वाद नाही. साठ शॉट्सना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटं मिळतात, दहा मिनिटं उरली आणि पाच मिनिटं उरली की माइकवर सांगतात. त्यानंतर ‘स्टॉप’ म्हणजे स्टॉप. नेम कितीही सुंदर लागलेला असो, पुढचा शॉट मिस धरतात. उलट ‘स्टॉप’नंतर परवानगीशिवाय भरलेलं हत्यार हाताळलं तरी बाद करता येतं, असा नियम आहे. मुलगी स्वस्तात सुटली.

तिने काय करायला हवं होतं ते लगेच सांगतो, नाहीतर राहून जाईल. बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडेच, दुसरा हात वर, आणि गप्प उभं राहायचं. रेंज ऑफिसर येतो, पेलेट कुठे आणि कसा सोडायचा ते सांगतो. एवढंच.

आता ते ‘हवेचंच’. आपल्याकडे 4.5 मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही, म्हणून लोकांनी त्याला जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीच्या पंगतीत बसवलंय. छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. त्यातून ट्रिगर फक्त पाचशे ग्रॅमचा, म्हणजे तेवढ्या दाबाने सुटतो. ओढायची गरजच नसते, बोट टेकलं की काम झालं. हीच मुलगी दोन-तीन वर्षांनी 25 मीटरला जाईल, हातात पॉइंट टू टू, म्हणजे खऱ्या काडतुसाचं पिस्तूल येईल, आणि हात तोच असेल. सवय एअर पिस्तूलच्या दहा मीटरवर लागते, ती लागली नाही तर पुढे काय होतं ते मी पाहिलंय.

मी बरीच वर्षं रेंज ऑफिसर म्हणून उभा राहतो. कुठली स्पर्धा, कुठली रेंज ते सांगत नाही, माणूस ओळखू येईल. इव्हेंट स्टँडर्ड पिस्तूल, शेवटचा टप्पा, दहा सेकंदांत पाच शॉट्स. माझा एक जुना मित्र त्या डिटेलमध्ये, म्हणजे एका वेळी लाइनवर उभ्या राहणाऱ्या तुकडीत होता, चांगला नेमबाज, त्या दिवशी आघाडीवर. ‘लोड’ झालं, ‘अटेन्शन’ झालं, लाल दिवे, सात सेकंद, हिरवे, म्हणजे आता झाडायचं. तीन शॉट्स गेले आणि चौथ्याला नुसता क्लिक. पॉइंट टू टूच्या काडतुसात प्रायमिंग, म्हणजे ठिणगी देणारं मिश्रण, कडेच्या रिममध्ये असतं, पिन पडली त्या जागी ते नीट पसरलेलं नसेल तर असं होतं. नवल काही नाही.

अशा वेळी काय करायचं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पकड सोडायची नाही, नळी टार्गेटकडे, मोकळा हात वर. एक तर ते काडतूस उशिराही उडू शकतं. दुसरं म्हणजे ऑफिसरने तपासायच्या आत तुम्ही यंत्रणेला हात लावला की मालफंक्शन, म्हणजे हत्यार बिघडल्याची सवलत, मान्य होत नाही. याने काय केलं? तिरमिरीत स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढली. फुसकं काडतूस बाहेर पडलं, पाचवं चेंबरमध्ये, म्हणजे उडायच्या जागी गेलं, आणि दिवे लाल झाले, वेळ संपली. मग साहेबांनी मॅगझिन काढलं, ते अर्थातच रिकामं. डाव्या हातात ते रिकामं मॅगझिन नाचवत, उजव्या हातात कमरेशी पिस्तूल धरून हा माझ्याकडे वळला. ‘हे बघ, रिकामं आहे, डड निघालं, मला मालफंक्शन पाहिजे.’

माझ्या मागे नोंदी करणारी कॉलेजची पोरगी बसली होती. तिच्या शेजारी पुढच्या डिटेलची दोन पोरं किट घेऊन उभी.

मी त्याचा चेहरा बघतच नव्हतो, स्लाइड बघत होतो. त्याच्या पिस्तुलाची स्लाइड शेवटचा राउंड उडाला की मागे अडकून राहते, आणि ती पुढे होती, म्हणजे आत राउंड असू शकत होता. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या लेनवाल्याने कानावरचे मफ काढले. ‘नळी टार्गेटकडे!’ तो वळला, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखा. तिथेच उभं राहून मी त्याला स्लाइड ओढायला लावली. काडतूस फरशीवर पडलं आणि टेबलाखाली गेलं. त्या पोरीनेच ते वाकून उचलून दिलं. तिला काही कळलंही नव्हतं, ती मला विचारत होती की सर, हा शॉट किती लिहू.

बाद मी केलं नाही, रेंज ऑफिसरच्या हातात ते नसतं. मी ज्युरीला, म्हणजे निर्णय देणाऱ्या पंचांना बोलावलं, जे पाहिलं ते सांगितलं. पिवळं कार्ड ताकीद, हिरवं गुण कापायला, लाल म्हणजे घरी. लाल दाखवलं.

तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे. आम्ही एकमेकांच्या घरच्या कार्याला जातो, पण हा विषय निघाला की त्याची बायको चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाते. त्याचं पहिलं म्हणणं, बोट ट्रिगरवर नव्हतं. नव्हतंच, मी स्वतः पाहिलंय आणि ज्युरीलाही तसंच सांगितलं. पण नळी माणसांवर आणि राउंड चेंबरमध्ये, मग बोट कुठे होतं याचा हिशेब कशाला? त्या पिस्तुलाचा ट्रिगर किलोभराचा. माणूस दचकला, अडखळला, कोणी मागून हाक मारली, पुरतं तेवढं. दुसरं म्हणणं, ‘मला खरंच वाटलं रिकामं आहे.’ वाटलं होतं हे मला मान्य आहे. म्हणूनच ‘अनलोड’नंतर स्लाइड उघडी ठेवून, केशरी फ्लॅग चेंबरमध्ये घालून ऑफिसरला दाखवायचं असतं. फ्लॅग आत जात नसेल तर आत काहीतरी आहे, त्याला कोणाला काय वाटतं याच्याशी घेणं नाही. आणि तिसरं, ते बोलत नाही पण मनात आहे: मित्र होतास, डोळेझाक केली असतीस. मागे ती पोरगी बसली नसती तरी केली नसती.

त्याला मी नेहमी मनू भाकरचं सांगतो. टोकियोत क्वालिफिकेशन चालू असताना तिच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बिघडला. दुरुस्तीसाठी लाइन सोडावी लागली, घड्याळ चालूच राहिलं. परत येऊन 575 केले, बारावी आली, फायनल हुकली. ऑलिम्पिक होतं ते, तरी सगळं नियमाने. आमची स्पर्धा राज्यपातळीचीही नव्हती. तो म्हणतो, तिथे कॅमेरे असतात. घ्या.

बरं, तुमचा दुसरा प्रश्न, सवय कशी लावायची. घरी ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता सराव करते ना? तिथे तुम्ही रेंज ऑफिसर व्हा. ‘लोड’, ‘स्टार्ट’ सगळं मोठ्याने म्हणा, आणि ‘स्टॉप’ मुद्दाम वाईट वेळी म्हणा, ती नेम धरून अगदी सोडायच्या बेतात असताना. बोट बाहेर, नळी टार्गेटकडेच, दुसरा हात वर, असं झालं पाहिजे. पहिले काही दिवस चिडेल, चिडू द्या. दुसरी गोष्ट, इअरप्लग घालून हाच सराव करा. स्पर्धेत आवाज पकडणारे इलेक्ट्रॉनिक मफ चालत नाहीत, त्यामुळे आज्ञा दबक्या ऐकू येतात. ‘मला ऐकूच आलं नाही’ ही तक्रार मी इतकी ऐकलीय की आता डिटेल सुरू होण्याआधी मीच लाइनवरून फिरून विचारतो. आणि वेळेचं गणित. शेवटच्या पाच मिनिटांत दहा शॉट्स उरलेल्या मुलाकडून ‘स्टॉप’ पाळला जाणं कठीणच, तेव्हा खरा दोष मधल्या अर्ध्या तासातला असतो. त्याबद्दल कोचशी बोला.

एक मात्र तुमच्या बाजूने. चौदा वर्षांच्या पोरीला माइकवरून दम देणं मला पटत नाही. नळी इकडेतिकडे गेली तर ओरडायचंच, माझ्यासारखं घसा फाटेपर्यंत. पण ‘स्टॉप’नंतर शॉट टार्गेटवरच गेला असेल तर जवळ जाऊन हळू सांगता येतं. गळ्यात शिट्टी पडली की आमच्यातल्या काही जणांना चेव येतो हे खरं आहे. त्या ऑफिसरबद्दल तक्रार करायची तर जिल्हा संघटनेकडे लेखी करा. शून्याबद्दल करू नका. गुणांवरचा प्रोटेस्ट निकाल लागल्यापासून दहा मिनिटांत करायचा असतो, ती वेळ गेली, आणि केला असता तरी हरला असता.