शिसो (जपानी स्वयंपाकातली सुवासिक पानं) पहिल्यांदा आणताय?
जपानी सुपरमार्केटात ‘ओबा’ नावाने दहा पानांची जुडी मिळते, तोच हिरवा शिसो. सुरुवात त्यानेच करा. लाल शिसो जून-जुलैत येतो, तो मुख्यतः उमेबोशीला (खारवलेल्या आंबट जपानी फळांना) रंग द्यायला. त्याची घाई नको.

घरी आणल्यावर ग्लासात देठ बुडतील एवढंच पाणी घाला. पानांना पाणी लागलं की ती काळी पडतात. वरून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. चिरायची ती अगदी वाढायच्या वेळी: एकावर एक रचून गुंडाळी करा आणि धारदार सुरीने बारीक चिरा. बोथट सुरीने पान चेचतं आणि सगळा वास बोर्डावरच राहतो! थंड तोफू किंवा सोमेनवर (गव्हाच्या बारीक जपानी नूडल्सवर) कच्चाच घाला, शिजवू नका. अपवाद तेम्पुराचा (जपानी भज्यांचा): भिजवलेलं पीठ फक्त पानाच्या मागच्या बाजूला लावा, तेलात काही सेकंद सोडा, म्हणजे वरचा हिरवा रंग टिकतो.

कुंडीत लावणार असाल तर बी खोल पुरू नका, रुजायला त्याला उजेड लागतो. रात्रभर भिजवून मातीवर नुसतं भुरभुरा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, तुळशीसारखाच फुटवा येतो. बी धरायचं असेल तर लाल-हिरवा शेजारी नको. संकर होतो, मग पुढच्या वर्षी ना धड रंग, ना धड वास.